पौषातला आंबा

बाबा, तुमचा वास आमच्या घरात परत आला होता आणि मी मूर्खासारखी सुखावले होते. डोंबिवलीच्या एमआयडीसीत तुम्ही आइस्क्रीम-सरबतांचे इसेन्स बनवायचात. बाजारात आंबा नसायचा तेव्हा, ऐन पौषात, तुमच्या शर्टाला पिकल्या हापूसचा वास यायचा. आई ते कपडे वेगळ्या बादलीत भिजवते आहे, शेजारचे काका जिन्यातून "आले बघा आंबेवाले" म्हणताहेत, आणि मी तुमचं बोट चाटायला धावते आहे. तुम्ही माझा हात झटकलात, आयुष्यात एकदाच. म्हणालात, "हा आंबा नाही. नुसता वास आहे." तुम्ही स्वतः नाकावर रुमाल बांधून काम करायचात.

गेल्या पौषात इथे, घोडबंदर रोडच्या घरात, तुमच्या नातीच्या खोलीतून तोच वास यायला लागला. मी दारात उभी राहून तो छातीभर घ्यायचे. व्यसनांविरुद्ध सभा गाजवणारी तुमची मुलगी! त्याच दिवसांत कल्याणच्या व्यासपीठावरून मी गरजत होते की कितीतरी देशांत मोठ्यांपेक्षा शाळकरी मुलंच ई-सिगारेट जास्त ओढतात, की निकोटिनला फळांचा वास मुलांसाठीच चोपडलेला असतो. टाळ्या घेऊन घरी आले, तिच्या उशीचा अभ्रा बदलायला गेले, आणि खाली ई-सिगारेट निघाली. गुलाबी, बोटाएवढी. नाकाशी धरली. तुम्ही.

मी किती बोलले असेन! बंदी असताना कॉलेजसमोरच्या टपरीवर नुसतं नाव घेतलं की ती हातात देणाऱ्यावर, देशोदेशीच्या पोरांच्या फुप्फुसांवर बंगले बांधणाऱ्यांवर, तिच्यावर. ती शांतपणे म्हणाली, "आई, इथे माइक नाहीये." मग म्हणाली, वर्गात निम्म्या जणांकडे असते, धूर नाही, वाफ असते नुसती. मी म्हटलं, मग टाकून दे की. त्यावर ती नखं कुरतडायला लागली. म्हणाली, "टाकली होती गं. दोनदा. सकाळी डोळे उघडले की आधी तीच लागते मला." अकरावीतली पोर, बाबा. तिच्या आवाजात उर्मटपणा नव्हता, भीती होती, आणि माझ्या सगळ्या भाषणांत त्या भीतीसाठी एक वाक्य नव्हतं.

आता आम्ही डॉक्टरांकडे जातो. ती चिडते, रडते, दोन दिवस बरी असते, पुन्हा चिडते. मला संताप येतो तो या चोरांचा. त्यांनी माझी लेक पळवली, आणि वापरलं काय, तर माझ्या बापाचा वास. ज्या वासाने मला जिन्यात तुमची चाहूल लागायची, त्याच वासाने माझं नाक बंद केलं.

तिला सांगितलंय की ती वस्तू मी फोडून टाकली. फोडलेली नाही. कपाटात आहे, तुमच्या त्या रुमालात गुंडाळलेली. रुमालाचा वास केव्हाच उडून गेला होता, बाबा. आता परत येतोय.