घामाच्या अंगावर पाणी

माय, तुझ्याशी भांडण काढायचंय म्हणून लिहायला बसले. तू जाऊन एवढी वर्षं झाली, पण या एका गोष्टीत तू चुकत होतीस हे तुला सांगितल्याबिगर मला चैन पडणार न्हाई.

आठवतं का, मी कबड्डी खेळून यायची अन् थेट हापशाखाली डोकं धरायची. तू हळद शिजवायच्या कढईवरून आलेली असायचीस, लुगडं घामानं पाठीला चिकटलेलं, तरी घाम वाळेपर्यंत पाण्याला शिवायची न्हाईस. मला वेणी धरून मागं ओढायचीस. "घामाच्या अंगावर गार पाणी घेती? सर्दगर्मी होऊन मरशील, मग खेळ कबड्डी!" या बाबतीत तुझा हात लई जड होता. पोरीनं चड्डी घालून खेळू नये म्हणणाऱ्या भावकीला मात्र तूच गप्प केलंस, तेही खरंच.

आता गावातल्या पोरींचा संघ मीच शिकवते. मागच्या हिवाळ्यात हिंगोलीला संघ चालवणाऱ्यांसाठी प्रथमोपचाराचं शिबिर होतं. शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, उन्हानं खेळाडू बरळायला लागला तर आधी गार पाण्यात बसवा, दवाखाना मागून. मी उभी राहून म्हणाले, "बाई, आमच्या मायनं असं करताना पाहिलं असतं तर झोडपलं असतं." सगळे खो खो हसले. बाई हसल्या न्हाईत. "मग मायला सांगा," म्हणाल्या, "आतून तापलेलं डोकं गाडीची वाट पाहत नाही."

अन् यंदा मे महिन्यात, आमच्याच मैदानावर, वसमतच्या संघाशी सामना. आमच्या संघातली एक पोरगी चढाई करून परत येताना भलतीकडंच चालायला लागली. मी नाव विचारलं तर म्हशीबद्दल काहीतरी बोलली अन् मटकन खाली बसली. कपाळ तव्यासारखं. झालं! सगळं गाव धावलं. कुणी कांदा फोडला, कुणी तिच्या तोंडाला तांब्या लावून राहिलं. तो मी हातानं उडवला. शुद्धीवर नसलेल्याला पाणी पाजलं तर ते छातीत जातं. तिच्या बापानं जीप आणली. "उचला, हिंगोलीला न्या!" मी म्हणाले, "जीप उभी राहू द्या, आधी हौदात." मैदानाला लागूनच जनावरांचा हौद आहे. बाप कडाडला, "घामाच्या अंगावर पाणी टाकून मारती काय माझ्या लेकराला?" माय गं, शब्दन् शब्द तुझा! मी एकदा जीपकडं पाहिलं. मग अशी ओरडले की मलाच माझा आवाज ओळखू येईना. "भाऊ, बाजूला व्हा! पोरींनो, पाय धरा!"

गळ्याइतक्या पाण्यात तिला बसवते, डोकं माझ्या खांद्यावर. पोरी बादल्या ओतून राहिल्या, कुणीतरी रसवंतीवरून बर्फ आणला. बाप काठावर उभा राहून मला शिव्या देतोय अन् रडतोय. मी म्हणते, "पाणी हलवत राहा गं." किती वेळ गेला देव जाणे. मग तिचे दात वाजायला लागले, डोळे उघडले, अन् पहिला शब्द काय, तर "ताई, पॉइंट भेटला का?" बापानं चपलांसकट हौदात उडी टाकली.

दवाखान्यात डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं अन् बापाला म्हणाले, "तशीच तापलेली आणली असती तर मला फार काही करता आलं नसतं." पोरगी आता पुन्हा चढाया करते, आधीपेक्षा आगाऊ झाली आहे. अन् आसपासच्या गावांत पाण्याचं टाकं भरल्याबिगर सामन्याची शिट्टी वाजत न्हाई. आमच्या गावात ते भरतो कोण, तर तोच बाप!

जिंकले मी, माय. तुझ्याशी पहिल्यांदाच. हे पत्र कुठं टाकायचं म्हणा. पण एक गोष्ट गावात कुणाला बोलले न्हाई ती तुला सांगते. त्या हौदात तिचे दात वाजेपर्यंत मला वाटत होतं, तूच बराबर आहेस.