जावयाचं नाक

२ डिसेंबर, मंगळवार

गोडा मसाला मटणात! आणि तोही माझा. आमची लेक इला इतक्या सहज सांगते, जशी काही वरणाला फोडणी घातली. चीनमध्ये यिनच्वानला तिचं बारा टेबलांचं रेस्टॉरंट आहे, शेजारी नवऱ्याची, वेईची, वाइनरी. तिथलं मटण, त्याची रेड वाइन आणि माझा मसाला — यासाठी म्हणे लोक बीजिंगहून विमानाने येतात. ऑडिटमधली चांगली नोकरी सोडून हे धंदे. असो. दर वर्षी इथून, शिकागोजवळच्या नेपरव्हिलहून, मसाल्याचं पार्सल मीच पाठवते. मेन्यूवर चिनी अक्षरांत ‘आईचा मसाला’ असं छापलंय. मला वाचता येत नाही, पण फोटो फ्रिजवर लावलाय.

दोघं काल आली. थंडीत द्राक्षाच्या वेली मरतात म्हणून वेई त्या सगळ्या मातीत पुरून आलाय. शनिवारी शिकागोत त्यांचं डिनर आहे. एक इंपोर्टर येणार. त्याला पसंत पडलं तर यांची वाइन अमेरिकेत येईल. मटण तेच करायचंय. मसाला मी थँक्सगिव्हिंगच्या आठवड्यातच ताजा करून ठेवला.

३ डिसेंबर

वेईने डबा उघडला, नाक घातलं, झाकण लावलं. मग इलाशी चिनीत काहीतरी बोलला. माझ्या स्वयंपाकघरात, माझ्यासमोर, चिनीत! मी विचारलं, काय म्हणतोय? “काही नाही गं आई.” काही नाही तर तुझं तोंड का पडलं?

मोरेश्वरला सांगितलं तर म्हणाला, “प्रवासाने दमलीत ती.” लग्नाला चव्वेचाळीस वर्षं झाली, हा माणूस कधी माझी बाजू घेईल तर शपथ.

४ डिसेंबर

आज कळलं. “आई, डोन्ट गेट अपसेट, पण खोबरं खवट आहे. वी कान्ट यूज इट.”

खवट! मंडळाच्या गणपतीला पस्तीस वर्षं आमटी मी करते. जन्मभर डॉक्टरकी केली, मला खवट कळत नाही? आणि हा दारू गाळणारा मला खोबरं शिकवणार!

तडक डबा घेऊन माझ्या मैत्रिणीकडे, पद्मिनीकडे गेले. तिच्या हातावर चमचाभर ठेवला. “छानच आहे गं, तुझा मसाला कधी वाईट झालाय?” घरी येऊन हे दोघांना ऐकवलं. वेई म्हणाला, “पद्मिनी मावशी इज बीइंग काइंड.” मावशी म्हणायला याला शिकवलं कोणी?

५ डिसेंबर

इलाने डेव्हन अव्हेन्यूवरच्या देशी दुकानातून मसाल्याचं पाकीट आणलं. पाकीट. मी कोणाशी बोलत नाहीये.

६ डिसेंबर, शनिवार

जाणार नव्हते, मोरेश्वरने नेलं. इला सगळ्यांसमोर उभी राहिली आणि म्हणाली, “दिस इज माय मदर्स मसाला.” धडधडीत खोटं! तीस माणसं माझ्याकडे वळून टाळ्या वाजवतायत आणि मी पाकिटाच्या वतीने हसतेय. चमचाभर रस्सा चाखला. काही चव नव्हती. पाकिटाला कुठली असणार?

इंपोर्टरने वाइन घेतो म्हणून सांगितलं. आनंद झाला, नाही असं नाही. पण गाडीत बसल्यावर इलाला म्हटलंच, खोटं का बोललीस? “मग काय सांगायला हवं होतं, आई?” त्याने मी आणखी भडकले.

७ डिसेंबर

सकाळी हट्टाने नवा मसाला करायला घेतला. मोरेश्वर बाहेर बर्फ काढत होता, इला झोपली होती. वेई आला. खोबऱ्याच्या दोन वाट्या घेतल्या, एकेक माझ्या नाकाशी धरली. “विच वन, आई?” म्हटलं, दोन्ही चांगल्या आहेत. त्याने एक कचऱ्यात टाकली. माझ्या घरात, माझं खोबरं!

मोरेश्वर आत आल्यावर त्याला खडसावून विचारलं. बूट काढता काढता म्हणाला, “जरा वास येतो खरा. उन्हाळ्यापासून.” उन्हाळ्यापासून! आणि मुकाट जेवतोय. पद्मिनीला फोन केला. तीही आढेवेढे घेत कबूल झाली. तुला वाईट वाटलं असतं म्हणे. म्हणजे सगळे मिळून मला सांभाळून घेतायत. खरं बोलला कोण, तर ज्याच्याशी मी दोन दिवस अबोला धरला तो.

८ डिसेंबर

मला वास येत नाही. मार्चमधल्या कोविडपासून. कशाचाच नाही. येईल परत, म्हणून कोणाला सांगितलं नाही, इथेसुद्धा लिहिलं नाही. पेशंटने असं लपवलं असतं तर मी त्याला फैलावर घेतलं असतं.

आज वेईला सांगितलं. एकट्यालाच. त्याला पहिल्याच दिवशी कळलं होतं, दूध जळत होतं आणि मी शेजारी उभी होते तेव्हा. इलाला त्याने फक्त खोबऱ्याचं सांगितलं.