गोचिडीची करणी

४ जून
शिट्टी वाजेना! पोहण्याच्या तलावाच्या काठावर उभी राहून गाल फुगवतेय, आणि उजवीकडून नुसती फुस्स हवा. शिकायला आलेली पोरं पाण्यात खो खो हसली. आरशात पाहिलं — अर्धं तोंड संपावर!

घरी आई म्हणाली, "ताई, तोंड वाकडं करू नकोस. भाजी चांगली झालीय." ताई म्हणजे माझी मावशी. ती जाऊन वर्ष झालं. आईला सांगितलं तेव्हा दिवसभर रडली, दुसऱ्या दिवशी विसरली. तेव्हापासून मीच ताई. "वयाचा परिणाम," सगळे म्हणतात.

५ जून
मला वाटलं अर्धांगवायूच! नसांचे डॉक्टर म्हणाले, "कपाळाला आठ्या घाला." अर्ध्याच पडल्या. म्हणजे अर्धांगवायू नाही, चेहऱ्याची नस बिघडलीय म्हणे; अर्धांगवायूत कपाळ शाबूत राहतं. "रानात जाता?" जाते की, रोज, कुत्र्याला घेऊन. गुडघ्यामागे लाल वर्तुळ सापडलं — मी गजकर्ण समजून मलम चोळत होते! गोचीड चावलीय म्हणे. लाइम नावाचा आजार, चेहऱ्याच्या नसेपर्यंत पोचलाय. गोळ्यांनी बरा होतो. हुश्श!

१२ जून
डोळा मिटत नाही, पट्टी लावून झोपते. नवरा म्हणतो, "माझ्यावर पाळत ठेवतेस काय?" तलावावर शिट्टीऐवजी पातेलं बडवते. पोरं जाम खूश.

१८ जून
डॉक्टरांनी सहज विचारलं, "घरात आणखी कोणी रानात जातं?" आता नाही. पण आधी कुत्र्याला आईच फिरवायची. मग तिचा झोक जायला लागला, विसरायलाही लागली. डॉक्टर लगेच म्हणाले, "त्यांना घेऊन या."

२६ जून
आईच्या पाठीच्या कण्यातून पाणी काढलं. तिने डॉक्टरांना अशा शिव्या हासडल्या — मला त्या येतसुद्धा नाहीत!

२ जुलै
आईलाही तेच! थेट मेंदूत. "क्वचित होतं असं," डॉक्टर म्हणाले. "म्हातारपणचा विसर वाटतो, पण असतो हा आजार. किती सुधारेल, सांगता येत नाही." सलाईनमधून औषध सुरू. नाचावंसं वाटतंय, आणि भीतीही वाटतेय.

२१ जुलै
शिट्टी वाजली! चांगली कर्कश! आई अजून "ताई"च म्हणते, पण आज कठडा न धरता जिना उतरली.

१४ ऑगस्ट
आई नवऱ्याला म्हणाली, "जावईबापू, दाढी करा हो." त्याने ताबडतोब केली!

३० ऑगस्ट
"छकुले," आईने हाक मारली. मला! धावत गेले. तिने माझा हात धरला. "खरं सांग. ताई गेली ना?"
हो म्हटलं, आणि मलाच रडू फुटलं. आईने मला जवळ घेतलं.