जेवढा उभा, तेवढाच

बाबा, गेल्या मंगळवारी मी आरमोरीला जाऊन आले. आता तिथं जाणं म्हणजे काहीच नाही, एसटीत बसायचं की झालं. पण मी घाटावर गेले आणि तिथं उभी राहिल्यावर तुमच्याशी बोलल्याशिवाय राहवेना. तुम्हाला जाऊन सव्वीस वर्षं झाली, तेव्हा हे वाचणार कोण म्हणा.

ती संध्याकाळ तुम्हाला नक्की आठवत असेल. एरवी तुम्हाला काही आठवायचं नाही, माझ्या लग्नाची तिथीसुद्धा. स्वातंत्र्याला आठ-नऊ वर्षं झाली असतील, गडचिरोली अजून चांद्याच्याच जिल्ह्यात होती. आरमोरीच्या बाजारात आपला स्टुडिओ, म्हणजे एक खोली आणि एक रंगवलेला पडदा. लग्नाच्या मुलींचे फोटो तुम्ही काढायचात आणि फोटोच्या निगेटिव्ह काचेवर बारीक पेन्सिल चालवून त्यांच्या गालांवरचे देवीचे व्रण मी मिटवायचे. त्या पेन्सिलीच्या जोरावर किती जणी उजवल्या, आणि माझं मात्र एकोणिसावं सरत आलं तरी जमत नव्हतं, यावर आई रोज बोलायची. तुम्ही ऐकून न ऐकल्यासारखं करायचात, कॅमेरा खांद्यावर टाकायचात आणि म्हणायचात, "चल, एक काच वाया घालवून येऊ."

हिवाळा आहे. वैनगंगा उतरलेली. घाटाशी नावाड्यांचे तीन डोंगे वाळूत नाक खुपसून उभे आहेत आणि सूर्य पलीकडे ब्रह्मपुरीच्या बाजूला टेकला आहे. तुम्ही काळ्या फडक्यातून डोकं बाहेर काढता. "तेराचा पाढा म्हन. घाई नको करू." घड्याळ होतं तुमच्याकडे, पण घड्याळाकडे पाहत बसलं तर नदी कोण पाहणार, असा तुमचा सवाल. भिंगावरचं झाकण निघतं. तेरा एके तेरा, तेरा दुणे सव्वीस. मी म्हणते आहे आणि तुम्ही पाण्याकडे पाहता आहात. तेरा चोक बावन्नला एक ढिवर, तिथलाच डोंगा चालवणारा, गुडघाभर पाण्यातून चालत आला आणि मधल्या डोंग्यापुढे थांबला. हलला नाही, नुसता मावळतीकडे बघत राहिला. तेरा साते एक्क्याण्णवला निघून गेला. फोटो बिघडला म्हणून मी थांबले, तर तुम्ही डोळे वटारलेत. "म्हन." पाढा संपला तेव्हाच झाकण बसलं.

दुसऱ्या दिवशी काच वाळली. तो माणूस तिच्यात होता आणि नव्हताही. डोंग्याची कड त्याच्या छातीतून आरपार दिसत होती. मी सवयीनं पेन्सिल घेऊन त्याला बुजवायला बसले, नको ते मिटवणं हेच माझं काम. तुम्ही माझं मनगट धरलंत, जन्मात एकदाच इतक्या जोरात. "हात काढ. व्रन हाय का तो? मानूस हाय." मग काच आणि कागद फ्रेममध्ये घालून तुम्ही स्वतः खिडकीशी उभे राहिलात, पाण्याच्या भागावर पुठ्ठा हलवत, म्हणजे आकाशाला जास्त उजेड मिळावा आणि ते गडद यावं. अंधाऱ्या खोलीत कागद औषधात बुडवला आणि नदी हळूहळू वर आली. बाबा, आज सांगते, माझ्या अंगावर काटा आला. पाण्यावर एक लाट नव्हती. तापल्या दुधावर साय धरावी तसं सगळं पात्र निवांत झालं होतं. लाटा तर आपण दोघांनी पाहिल्या होत्या, ऐकल्या होत्या, मग त्या गेल्या कुठे? एका पाढ्याएवढा वेळ त्या कागदावर साचून राहिला होता.

त्या ढिवराला तुम्ही मुद्दाम बोलावून दाखवलात. त्यानं कागद दारातल्या उन्हात नेऊन पाहिला आणि हसला. "बरोबर हाय, भाऊ. जेवढा उभा राह्यलो तेवढाच आलो." हे वाक्य तुम्ही मरेपर्यंत घोळवत राहिलात.

पण तिसऱ्या दिवशी त्याची बायको आली, तिनंही तो कागद पाहिला. नवी नवरी, माझ्याच वयाची. "भाऊ, मानसाच्या आरपार दिसून राह्यलं. मेलेला असा दिसते. पुरात डोंगा घालते तो. काऊन काढला असा?" तुम्ही समजावून पाहिलंत, झाकण, उजेड, पाढा. ती मानेनं नाही नाही म्हणत राहिली. मग तुम्ही काच तिच्या हातात दिलीत, तुमच्या जन्मातली सगळ्यात चांगली काच. तिनं ती दारातल्या दगडावर फोडली. तिच्या डोळ्यांदेखत तुम्ही कागद चुलीत घातलात. "आता काई नाई उरलं, बाई. माझा शब्द हाय."

उरलं होतं. आदल्या दिवशी तुम्ही जेवायला उठल्यावर मी त्याच काचेवरून दुसरा कागद काढला होता. तुमच्यासारखं पाणी जमलं नाही, डावीकडे जरा काळपटलं. माझ्या लग्नानंतर तो ट्रंकेत, साडीच्या घडीत, धानोऱ्याला सासरी आला. नदीला पूर आल्याचं कानावर आलं की मी ट्रंक उघडून तो कागद पाहायचे. आरमोरीचं कुणी भेटलं की आडून विचारायचे, तो डोंगेवाला बरा आहे ना? त्या माणसाला काही झालं असतं तर ते माझ्या माथी होतं. झाकणाचं आणि उजेडाचं गणित मला पाठ, तरी हे. जाळायला हात होईना, ठेवायला धीर होईना. तुम्हाला सांगायचं म्हणून तीनदा माहेरी आले आणि वरण-भात जेवून परत गेले.

तो बुडाला नाही, बाबा. नातवंडं पाहून, म्हातारा होऊन घरच्या खाटेवर वारला. ते कळलं म्हणून मंगळवारी मी त्याच्या घरी गेले. त्याची म्हातारी घरापुढच्या छपरीत बसली होती. मी ओळख दिली तशी म्हणाली, "घरी त्याचा एकही फोटो नाई, बाई. होता तो मीच फोडला." मी पिशवीतून कागद काढून तिच्या मांडीवर ठेवला. ती ओरडेल म्हणून मी अंग चोरून बसले. तिनं त्याच्या छातीवर, डोंगा दिसतो तिथं, बोट ठेवलं. "असाच दिसते मले आता. सकाळी उठली का दारात उभा असते, अन् त्याच्यातून आंगन दिसते."

मग विचारलं, "हा कोनं ठेवला?"

"बाबांनी," मी म्हणाले. जीभ आपोआप वळली.

तिनं कागद कपाळाला लावून तुम्हाला हात जोडले. "भाऊले मालूम असन, एक दिवस मले लागन म्हनून."

तुम्ही शब्द पाळला होता. चोरी माझी, आणि त्या घरात आता शब्द मोडणारे तुम्ही, वर देवमाणूसही तुम्हीच. खरं सांगितलं असतं तर म्हातारी रागावली नसती, पण तिचं भय इतकी वर्षं साडीच्या घडीत घालून ठेवलं हे तिच्या तोंडावर बोलायची मला लाज वाटली. हे पत्र टाकायला पत्ता नाही, आणि असता तरी टाकलं नसतं. तो कागद माझ्या हातचा होता, बाबा, आणि तिनं हात तुम्हाला जोडले तेव्हा मला तुमचा हेवा वाटला.