अकरा घरांची मशिनं

४ मार्च

चि. धाकटीस अ. उ. आ.

एकदा सकाळी, आठवतं, दूध गॅसवर होतं, मी केर काढत होते आणि हे मागच्या खोलीत इंटरनेटवरच्या त्या डिजिटल नाण्याच्या चार मशिनांवरची धूळ रंगाच्या जुन्या ब्रशने झटकत होते. स्क्रू ठेवायला माझा साखरेचा डबा पळवला होता. झटकता झटकता सांगू लागले, की या नाण्याच्या व्यवहारांवर सगळ्यांची मशिनं मिळून शिक्कामोर्तब करतात. त्यातली निम्म्याहून जास्त ताकद एकाच गटाकडे गेली, तर त्याला झालेला व्यवहारही फिरवता येतो. म्हणून आपण लहान गटातच राहायचं. दूध उतू गेलं, बोलणी त्यांनी खाल्ली.

भावोजींचा गट एकूण ताकदीच्या शेकडा अठ्ठेचाळीसवर आलाय आणि मी त्यात यावं म्हणतेस. माझ्या चार मशिनांनी काय होणार, असंही म्हणतेस. पण शेजारच्या अकरा घरांची मशिनं यांनी आमच्याच मशिनाला जोडून दिलीत. मी ज्या गटात जाईन, त्यात ती आपोआप येतात. भावोजींना हे ठाऊक आहे. म्हणून नको.

परवा पाहिली ती तुमची मशिनांची नवी शेड छान आहे. लोभ आहे तेवढा राहू दे.

तुझी ताई

११ मार्च

ती. ताईस सा. न. वि. वि.

शेड छान आहे, तर चहा न घेता का निघालीस? हे शिडीवर होते, मी खालून धरली होती, ते बघून तू पर्स उचललीस. नियम पुढे करू नकोस, ताई. जळतेस तू. हे कुणाचा व्यवहार फिरवतील असं खरंच वाटतं तुला?

आणि जळण्याचंच म्हणशील, तर ह्यांनी मला या धंद्यातलं अक्षर सांगितलेलं नाही. जे कळतं ते तुझ्या पत्रांतून. दूध उतू जाईपर्यंत समजावणारा माणूस तुला मिळाला होता.

रागावलीस तरी लिहीत जा.

तुझी धाकटी

१६ मार्च

चि. धाकटीस अ. उ. आ.

हो, जळते. इथे शिडी मीच लावते, मीच चढते.

भावोजी भले आहेत. त्यांच्या जागी आमचे हे असते, तर अकराही घरं घेऊन मी डोळे झाकून गेले असते. आणि हेच माझ्यावर ओरडले असते, की माणूस भला आहे म्हणून सगळ्यांच्या किल्ल्या त्याला द्यायच्या नसतात. मग लक्षात आलं, अकरा किल्ल्या माझ्याच कमरेला आहेत. हे गेल्यापासून रोज कुणीतरी मशिनाचं विचारायला दारात येतं. ते मला हवं होतं, दुसरं काही नाही.

पुढच्या खेपेला चहा घेईन. माया पातळ करू नकोस.

तुझी ताई

ता. क. पत्र टाकायचं राहिलं. आज मी त्या अकराही घरी जाऊन आले, त्यांची मशिनं माझ्यापासून सोडवली, गट कसा निवडायचा ते प्रत्येकाला दाखवलं. तिघांनी तुमचा निवडला. मग घरी येऊन आमची चार मशिनं झटकली.