‘मेसेजकडे लक्ष नका देऊ, काका’

अहो,

आज निकालाचा ईमेल आला. लेकीला फोन केला, तर ती रडायला लागली. मला मात्र चिडायचंय, आणि जिच्यावर चिडायचं ती स्वारी फोटोत जाऊन बसलीय. म्हणून हे पत्र.

तुमचे दिवस आटोपल्यावर शेअर्स माझ्या नावावर करायला गेले, तर खात्यात जवळजवळ काहीच नाही! नोकरीभर एकेक करून घेतलेले, आपल्या म्हातारपणासाठी जपलेले शेअर्स विकून कौस्तुभने ऑप्शनच्या सट्ट्यात घालवले होते. तुमचा तो लाडका ब्रोकर! दिवाळीला वाकून नमस्कार करायचा, तोच. ‘ओळखीतला मुलगा आहे’ म्हणून तुम्ही त्याच्याकडे खातं उघडलंत. ओळख काय कामाला आली हो?

विश्रांतवाडीहून त्याच्या वाघोलीच्या ऑफिसात गेले.

“काकू, काकांना विचारूनच केलं सगळं. फोनवर होकार आहे त्यांचा.”

“मग रेकॉर्डिंग ऐकव.”

“तसं देता येत नाही. आणि तुम्हाला नाही कळायचं त्यातलं.”

“कळत नाही म्हणूनच विचारतेय ना!”

त्याने चहा मागवला. रेकॉर्डिंग सोडून सगळं मिळत होतं तिथे.

तुमचे धाकटे बंधू त्याहून थोर. म्हणाले, “वहिनी, सोडून द्या. दादा फसला हे चारचौघांत कशाला?” म्हणजे फसवणाऱ्याने ताठ मानेने हिंडायचं आणि लाजायचं आपण?

लेकीच्या मदतीने मी ऑनलाइन तक्रार केली. तेव्हा कळलं, सौदा गिऱ्हाइकानेच सांगितला होता, हे ब्रोकरने सिद्ध करायचं असतं. तो पुरावा मागायचा हक्क आपला! हे आपल्याला आधी कुणी का सांगितलं नाही? तडजोड काही झाली नाही. प्रकरण लवादाकडे गेलं.

सुनावणी ऑनलाइनच होती. तीत कौस्तुभने तुमचा आवाज ऐकवला. “बरं बरं.” संपलं! हा म्हणे होकार. मी म्हटलं, “बरं बरं तर हे भाजीत मीठ नसलं तरी म्हणायचे. फोन पूर्ण ऐकवा.” लवाद म्हणून बसलेल्या बाईंनी पूर्ण फोन मागवला.

पुढच्या सुनावणीला तो लावला.

“कौस्तुभ, हे ऑप्शनचे मेसेज कसले येतायत रे? मी तर काही सांगितलं नव्हतं.”

“सिस्टिमचे असतात. मेसेजकडे लक्ष नका देऊ, काका.”

“बरं बरं. सॉरी हं, कामात त्रास दिला तुला.”

सॉरी? अहो, माफी तुम्ही मागितलीत? त्याची?

मी कॅमेरा बंद केला. हसू येत होतं की रडू, मलाच कळेना. ह्या माणसाने एका शब्दाने कसं विचारलं नाही, म्हणून इतके दिवस चरफडत होते. तुम्ही विचारलं होतंत! मग मला का नाही बोललात? शेजारच्याच खोलीत होते ना मी?

लवादाने भरपाई द्यायला लावलीय. सगळी नाही. मेसेज बघूनही तुम्ही लेखी तक्रार केली नाहीत, म्हणून थोडी कापली. तुमच्या भिडेची किंमत, दुसरं काय!

आता खातं माझ्या नावावर आहे आणि ब्रोकर नवा. तुम्हाला शब्द देते: तुम्ही एकदा विचारून गप्प बसलात, मी उत्तर मिळेपर्यंत विचारत राहीन. तेही लेखी. आणि सॉरी म्हणणार नाही.

तुमचीच,
शैला