चष्मेवाल्यांचा हात

प्रिय ठमे,

फोनवर बोलता आलं असतं, पण फोनवर तू एका हाताने डबा भरत असतेस आणि तुझं 'हं, हं' ऐकून मी विषय गुंडाळते. म्हणून शिलाई मशीन बंद करून लिहायला बसले. डॉक्टरीणबाईंचा झगा आज काही होत नाही.

रविवारी समुद्राकाठच्या टेकडीवरच्या देवळात जाऊन आले. तू लहान असताना आपण गेलो होतो, तेच. तेव्हा माकडाने तुझी रिबीन ओढली होती आणि तुझे बाबा चप्पल उगारून त्याच्यामागे धावले होते. माकडं अजून तशीच निगरगट्ट. भिंतीवर ओळीने बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांची झडती घेतात. एका टकल्या गृहस्थांच्या खिशातून एकाने चक्क कंगवा काढला. मला देवळात हसू आवरेना.

एकटी नव्हते गेले. बरोबर चष्मेवाले होते. आपल्या शिवणाच्या दुकानासमोर ज्यांचं चष्म्याचं दुकान आहे, ते. तुझा शाळेतला पहिला चष्मा त्यांनीच केला. बाबा गेल्यावर दुकान उघडायला माझा हात उचलत नव्हता, तेव्हा सकाळी तेच येऊन शटर वर ढकलायचे, "चला, लागा कामाला" म्हणायचे आणि आपल्या दुकानात निघून जायचे. एक शब्द जास्त नाही. त्यांची बायको जाऊनही बरीच वर्षं झाली. हल्ली दुपारचा चहा आम्ही एकत्र घेतो. त्यात तुला मुद्दाम सांगण्यासारखं काही आहे, असं मलाच वाटत नव्हतं.

तर झालं काय, दर्शन घेऊन आम्ही समुद्राकडच्या कट्ट्यावर टेकलो. त्यांना काहीतरी बोलायचं होतं, सारखे खाकरत होते. तेवढ्यात मागून एक माकडीण आली, पोटाला पिल्लू, आणि तिने त्यांच्या नाकावरचा चष्मा अलगद उचलला. मी केळं पुढे केलं, तर बयेने केळंही घेतलं आणि चष्माही सोडला नाही. वर पिल्लाच्या डोळ्यांना लावून पाहिला! मग कंटाळून खाली खडकांत भिरकावला आणि लाटेने तो नेला. जन्मभर लोकांना चष्मे लावणारा माणूस, आणि त्याला पुढची पायरी दिसेना.

मी त्यांचा हात धरला. पायऱ्या उंच, त्यात शेवाळलेल्या. "आता वळण आहे, इथे कुत्रं झोपलंय, जरा पाय लांब टाका," असं करत खाली आणलं. वाटेत पोस्टातल्या बाई भेटल्या. मला वाटलं, आता मी लाजून हात सोडणार. नाही सोडला. "दर्शनाला का?" असं उलट मीच बाईंना विचारलं. खाली सपाट रस्ता लागला तेव्हा ते म्हणाले, "आता सोडलात तरी चालेल, अंधुक दिसतंय." मी म्हटलं, "राहू दे." थोडं चालल्यावर म्हणाले, "वर मी काय विचारणार होतो, कळलं का तुम्हाला?" म्हटलं, "कळलं. पण नीट विचारा." भर रस्त्यात उभं राहून त्यांनी विचारलं. त्यांना माझा चेहरा स्पष्ट दिसत नव्हता तेच बरं, डोळे घळाघळा वाहत होते.

बाबांची आठवण रोज येते. त्यांची जागा त्यांचीच आहे, तिथे कुणी बसणार नाही. पण संध्याकाळी शटर ओढून वर आले की घर अंगावर येतं. दोन खोल्यांत रेडिओ मोठ्याने लावून ठेवते, ऐकत नाही. हे तुला कधी कळू दिलं नाही. तू काळजी करत बसली असतीस, आणि लेकीच्या काळजीचा विषय होणं मला नको होतं.

मी हो म्हटलंय, ठमे. परवानगी मागत नाहीये, पण मावशीच्या तोंडून कळण्याआधी तुला माझ्याकडून कळायला हवं होतं. पुढच्या महिन्यात नोंदणी करून लग्न करणार आहोत. राग आला असेल तर ये आणि समोर बसून भांड, मी सगळं ऐकेन. आनंद झाला असेल तर जावईबापूंना घेऊन ये. कसंही ये, पण ये. साक्षीदार म्हणून माझ्या बाजूने सही कोण करणार, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, माझी मुलगी.

तुझीच,
थोडी घाबरलेली आणि पुष्कळ सुखात असलेली
आई